बोट बंद व्हायच्या आत

मागच्या भागात आपण गिरणगावातल्या गाळ्यांविषयी बोललो. एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा पुरुष, पाळीप्रमाणे झोपणारे, जेवायला खानावळीत जाणारे. त्यातले बरेचसे रत्नागिरी जिल्ह्यातले. आज ही माणसं गावी जायची कशी, आणि त्यांची बायकामुलं मुंबईला यायची कशी, त्याबद्दल. म्हणजेच कोकणच्या बोटीबद्दल.

बोटीचा विषय काढला की जुनी माणसं खुलतात. डेकवर अंथरलेली सतरंजी, वळकटी, पत्र्याची ट्रंक, पहाटे दिसलेला विजयदुर्ग. त्या आठवणी खऱ्या आहेत आणि त्यातल्या काही मीही सांगणार आहे. पण मला नेहमी एक प्रश्न पडतो. त्या सतरंजीवर घरातलं कोण बसलेलं असायचं आणि कोण नसायचं?

आधी नकाशा डोळ्यासमोर आणू. कोकण म्हणजे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. तिला आडव्या कापत जाणाऱ्या नद्या आणि खाड्या: सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, वाघोटण. उत्तर-दक्षिण जायचं तर दर काही मैलांवर तर, होडी, पुन्हा चढ, पुन्हा उतार. पूल आले ते फार नंतर. त्यामुळे जमिनीवरून जवळ वाटणारं गाव प्रत्यक्षात लांब असायचं, आणि शेकडो मैलांवरची मुंबई समुद्रामुळे जवळ यायची. दापोलीच्या माणसाला हर्णैहून मुंबई गाठणं सावंतवाडी गाठण्यापेक्षा सोपं होतं.

आगबोटी येण्याआधी हा प्रवास शिडाच्या जहाजांतून व्हायचा: मचवे, पडाव, फत्तेमाऱ्या. पावसाळा सोडून बाकीच्या महिन्यांत किनाऱ्यावर बहुतेक वारा वायव्येकडून असतो. म्हणजे मुंबईहून खाली येताना तो मदतीला, आणि वर मुंबईला जाताना नेमका तोंडावर. मग तांडेल लोक रात्री जमिनीवरून सुटणारा वारा आणि दुपारी समुद्रावरून येणारा वारा यांचा मेळ घालत, किनारा धरून सरकत जायचे. वारा पडला की थांबायचं. बायकामुलांना घेऊन असा प्रवास करायचा तर किती दिवसांची शिदोरी बांधावी हेच सांगता यायचं नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या आगबोटी कोकण किनाऱ्यावर फिरू लागल्या, पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं नाव घरोघरी पोचलं. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि पुढे पणजी. ही नावं तुम्ही आज शाळेत पाठ केली असतील तर भूगोल म्हणून. त्या पिढीला ती वेळापत्रक म्हणून पाठ होती. तुमचं गाव कुठलं याला उत्तर द्यायचं तर आधी बंदर सांगायचं, मग गाव. चिपळूणचा माणूस दाभोळला उतरून वाशिष्ठीच्या खाडीतून गोवळकोटपर्यंत लहान होडीने वर जायचा. महाडचा बाणकोटहून सावित्रीने. खाडीच्या भरतीची वेळ चुकली की बसा किनाऱ्यावर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही बोट बारमाही नव्हती. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की हा किनारा बंद. बहुतेक बंदरं म्हणजे खाडीची तोंडं, तिथे वाळूचे दांडे साठलेले, त्यावर पावसाळी लाटा फुटतात. आणि आगबोट तर बाहेर खोल पाण्यातच उभी राहणार. माणसं तिच्यापर्यंत नेणारी लहान होडी त्या लाटांतून जाऊच शकत नाही. म्हणून मे संपता संपता बोटी बंद व्हायच्या, आणि नारळी पौर्णिमा उलटून समुद्र निवळल्यावरच पुन्हा सुरू. गणपती लवकर आले तर बोट मिळेलच असं नाही. ज्याच्याकडे पैसे असतील तो रेल्वेने कोल्हापूरपर्यंत जायचा (तिथे रेल्वे 1891 मध्ये आली) आणि घाट उतरून खाली. बाकीचे मुंबईतच राहायचे.

जाता जाता एक गोष्ट. ब्रिटिशांनी ब्रह्मदेशचा थिबा राजा, राण्या आणि लहान मुली यांना 1886 मध्ये समुद्रमार्गे आणून रत्नागिरीत ठेवलं. तोही एका कुटुंबाचा किनाऱ्यालगतचा प्रवासच, फक्त परतीचं तिकीट नसलेला. रेल्वे नाही, आणि पावसाळ्यात समुद्र बंद. राजाला नजरकैदेत ठेवायला याहून सोयीची जागा कुठली? आणि याच जागेहून दरवर्षी हजारो माणसं मुंबईच्या गिरण्यांकडे निघत होती.

किती हजार? 1921 च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेबारा लाखांच्या आसपास होती. त्यात जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला असं सांगणारे दोन लाखांहून जास्त. (रत्नागिरी म्हणजे तेव्हा आजचा सिंधुदुर्गही त्यात आला, तो वेगळा झाला 1981 मध्ये.) दर सहा मुंबईकरांत निदान एक रत्नागिरीचा! आणि त्याच काळात मुंबईत हजार पुरुषांमागे बायका साडेपाचशेपेक्षाही कमी होत्या. हे दोन आकडे शेजारी ठेवा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. माणसं मुंबईत आली होती, कुटुंबं आली नव्हती. खोलीचं भाडं, मुंबईतलं धान्य, गिरणीतली अधूनमधून जाणारी नोकरी, आणि गावाकडची पाच-दहा गुंठे भातजमीन जी कसली नाही तर हातची जाईल. म्हणून पुरुष मुंबईत, बाई गावात. पैसे मनीऑर्डरने यायचे, बोटीने माणूस यायचा.

आता बोटीचं वेळापत्रक आणि भातशेतीचं वेळापत्रक एकमेकांवर ठेवून बघा. पेरणी जूनमध्ये, लावणी जुलैत. बोट बंद मेअखेर. म्हणजे शेतीला हात द्यायला ज्याला गावी जायचं तो मेमध्येच गेला पाहिजे, आणि एकदा गेला की किमान तीन महिने अडकला. रत्नागिरीचे कित्येक मजूर सुरुवातीच्या काळात असंच करायचे: पावसाळा गावात, बाकीचं वर्ष मुंबईत. पण गिरणी काही तीन महिने वाट बघत नाही. मुकादम बदली कामगार लावून मोकळा. तेव्हा नोकरी टिकवायची तर पावसाळ्यात गावाला जायचं नाही, हे हळूहळू ठरत गेलं. लावणी बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या अंगावर पडली.

म्हणून मेमधल्या शेवटच्या बोटी. भाऊच्या धक्क्यावर त्या दिवसांत जी गर्दी उसळायची तिच्यात दोन प्रकारची कुटुंबं असत. एक, मुंबईत बिऱ्हाड असलेली, शाळेची सुट्टी घालवून परतणारी किंवा सुट्टीला जाणारी. ही कारकून, मास्तर, दुकानदार मंडळी. आपल्या मराठी लेखनात बोटीच्या आठवणी आल्यात त्या बहुतेक यांच्या. दुसरी, हिवाळ्यात नवऱ्याकडे चार महिने राहायला आलेली बाई, पोरं आणि बोचकी घेऊन, पेरणीच्या आत गावी परतणारी. तिला धक्क्यावर सोडायला नवरा यायचा. बोटीत नाही चढायचा.

माझी आजी या दुसऱ्या प्रकारातली. तिचं सासर विजयदुर्गच्या खाडीकाठचं. तिच्या सांगण्यात बोट म्हणजे मुख्यतः चढणं आणि उतरणं. धक्क्यावर ठीक, तिथे फळी टाकलेली. पण विजयदुर्गला बोट बाहेर नांगर टाकून उभी, खाली पडाव हिंदकळतोय, शिडी लोंबतेय. लाटेबरोबर पडाव वर आला की खलाशी ओरडणार, ‘टाक पाय!’ आणि त्याच क्षणी पाय टाकायचा. तान्हं मूल आधी एका खलाशाकडून दुसऱ्याकडे, हातोहात. मग ट्रंक. मग आपण. आजी म्हणायची की सगळ्यात जास्त भीती मूल परक्याच्या हातात असतानाच्या त्या एका क्षणाची.

वरचा वर्ग वगैरे तिला माहीत नव्हता. डेकवर पहिल्यांदा पोचून सतरंजी पसरली की ती तुमची जागा. शेजारी फणस, आमसुलांची गाठोडी, कोंबड्याही. इंजिनाच्या बाजूला गरम आणि तेलाचा वास, कडेला गार पण पाणी उडायचं. बोट लागली की लिंबू हुंगायचं, आवळासुपारी चघळायची, डोकं खाली घालून पडून राहायचं. ‘बोट लागणं’ हा शब्दप्रयोग बघा, आपण आज एसटीतही ‘गाडी लागली’ म्हणतो.

मी एकदा विचारलं, आजोबा कधी बरोबर असायचे का? ती हसली. ‘ते खंय येतले? रजा कोण देतलो?’ बस, एवढंच. तिच्या बोटीच्या एकाही गोष्टीत आजोबा नाहीत, ते कायम धक्क्यावर उभे आहेत.

समुद्राची भीती या लोकांना होती आणि ती निराधार नव्हती. शेफर्ड कंपनीचीच ‘वैतरणा’, जिला लोक ‘विजळी’ म्हणायचे, ती 1888 च्या नोव्हेंबरात कच्छच्या मांडवीहून मुंबईला येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ माणसांसकट नाहीशी झाली. 1927 च्या नोव्हेंबरात आपल्याच किनाऱ्यावर ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. ‘तुकाराम’ हे संताचं नाव का, तर परकी कंपनीला टक्कर द्यायला उभ्या राहिलेल्या स्वदेशी, सहकारी बोट कंपनीला लोकांची आपुलकी हवी होती. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणायचे. स्वस्त तिकिटाइतकाच तो ‘माझी’ शब्दही ओढ लावणारा होता.

आणि मग 17 जुलै 1947. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. दिव्याची अवस. सकाळी ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. काशाच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्यात ती कलली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून पुष्कळांना ओढून काढलं. मुंबईला बातमी कळली ती तास न् तास उलटल्यावर, वाचलेली माणसं किनाऱ्याला लागली तेव्हा.

यातली एक गोष्ट नीट सांगितली जात नाही असं मला वाटतं. जुलैत कोकणची लांब पल्ल्याची बोट बंदच होती. विजयदुर्गला, मालवणला जायचा विचारही त्या दिवसांत कुणी करत नसे. चालू होती ती रेवसची जवळची फेरी. बंदर ओलांडायचं, सणासाठी घरी जायचं, संध्याकाळच्या आत पोचायचं. लांबच्या समुद्राचा नियम सगळ्यांनी पाळला, आणि घात झाला तो मुंबईच्या उंबऱ्यावरच, जिथे हा नियम लागू नाही असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. दोष एकट्या लाटेवर टाकून मोकळं होता येत नाही.

पुढची कहाणी पटकन सांगतो. एसटी 1948 मध्ये सुरू झाली, खाड्यांवर एकेक पूल होत गेला, मुंबई-गोवा रस्ता सुधारत गेला. मधली बंदरं एकेक करून वेळापत्रकातून गळाली. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या मुंबई-पणजी मार्गावरच्या बोटी काहींना अजून आठवत असतील. तोवर कुटुंबांचा बोटप्रवास गरजेपेक्षा हौसेचा होऊ लागला होता. बंदरावरची गावं मागे पडली आणि हमरस्त्यावरचे तिठे पुढे आले. मुसाकाजी कुठे आहे असं आज मुंबईतल्या कोकणी तरुणाला विचारा. कणकवली कुठे आहे ते मात्र प्रत्येकाला माहीत असतं, आणि कणकवलीला समुद्र नाही.

26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. आता जूनमध्ये तिचं वेगळं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू चालतात, दरडींवर पहारा असतो. पण गाडी जाते. शुक्रवारी रात्री निघून शनिवार-रविवार लावणी करून सोमवारी कामावर हजर होणारे माझ्या ओळखीत तिघेजण आहेत. त्यांच्या बायका मुंबईतच नोकरी करतात, आणि गावच्या शेतात यंदा लावणीला माणूस मिळत नाही ही त्यांची तक्रार आहे.

पुढच्या भागात खानावळीच्या बायकांबद्दल बोलू. भेटूच.