काडतुसाची टोपी

काडतुसाच्या बुडाशी धातूची एक इवलीशी टोपी असते. तिला केप किंवा प्रायमर म्हणतात. चाप ओढला की तिच्यावर आघात होतो, ज्वाला निघते आणि आतील दारू पेटते. वाटाण्याएवढ्या या वस्तूच्या जागी तशीच दुसरी बसविली तर काय बिघडणार, असे कोणासही वाटेल. इतिहासाचे उत्तर मात्र निराळे आहे.

चकमकीच्या बंदुकीत आधी कानातील रंजक पेटे आणि मग गोळी सुटे. पावसात रंजक भिजे. कोरड्या हवेत त्या लखलखाटानेच पक्षी उडून जात. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फॉर्साइथ हे शिकारीचे शौकीन. त्यांनी आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाचा उपयोग शोधला व 1807 मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यापूर्वी लॉर्ड मॉयरा यांनी त्यांना प्रयोगांसाठी लंडनच्या टॉवरमध्ये जागा दिली होती. हेच मॉयरा पुढे लॉर्ड हेस्टिंग्ज म्हणून हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, 1818 साली, पेशवाईचा अंत झाला.

पुढे तांब्याची टोपी आली, तिच्यामागून पितळी काडतूस आले. 1866 च्या सुमारास दोन रचना पुढे आल्या. अमेरिकन बर्डान यांनी आघात झेलणारी ऐरण पुंगळीतच ठेवली. इंग्रज अधिकारी बॉक्सर यांनी ती टोपीत बसविली. गंमत अशी, की बर्डान यांची रचना युरोपात रुजली आणि बॉक्सर यांची अमेरिकेत! बॉक्सरच्या पुंगळीस मधोमध एकच छिद्र असल्याने वापरलेली टोपी आतून सळईने सहज निघते. अमेरिकेत रिकामी काडतुसे घरी भरण्याची प्रथा वाढली, त्याचे हे एक मोठे कारण होय. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

टोपीतील मिश्रणाचीही तीच कथा. पाऱ्याच्या फल्मिनेटाने पितळ ठिसूळ होई. क्लोरेट आले, तेव्हा त्याचा क्षार दमट हवा शोषून नळी गंजवू लागला. शिशाच्या मिश्रणाने गंज टळला, पण त्याची धूळ आरोग्यास घातक. 1917 साली, ऐन महायुद्धात, फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड शस्त्रागारातील टोप्या दगा देऊ लागल्या. अखेर तेथील मिश्रण सोडून विंचेस्टर कारखान्याचे मिश्रण स्वीकारावे लागले.

2020 नंतर अमेरिकेत टोप्यांची टंचाई झाली, तेव्हा घरी काडतुसे भरणाऱ्यांपुढे हाच मोह उभा राहिला: पिस्तुलाची नाही, तर रायफलीची घालावी काय? लहान टोपीचा व्यास दोन्हींत सुमारे 4.45 मिलिमीटर, म्हणजे एकच. पण रायफलीच्या टोपीचा पत्रा सामान्यतः जाड असतो. पिस्तुलाचा हलका घोडा तिला कधी कधी पेटवू शकत नाही. मोठ्या टोपीत तर रायफलीची उंचीही अधिक. ती पुंगळीबाहेर डोकावते आणि अवेळी स्फोटाचे भय निर्माण होते. मॅग्नम जातीची टोपी अधिक प्रखर असल्याने नळीतील दाब वाढवू शकते. म्हणून दारूचे प्रमाण सांगणारी पुस्तके टोपीचे नावही सोबत देतात. त्यांचा दंडक असा, की टोपी बदलली तर जुने प्रमाण जसेच्या तसे चालवू नये.

ज्या हातात पिस्तूल असते, त्याच हाताची बोटे या नियमाच्या भरवशावर असतात.