चाचे कोणाला म्हणावे?

रास अल खैमा शहर मागे टाकून रम्सच्या बाजूला निघाले की उजव्या हाताला डोंगर जवळ येऊ लागतात आणि खजुरीच्या बागांवर डोके काढून बसलेली धायाची टेकडी दिसते. वर मातीदगडाचा एक लहानसा किल्ला. काही वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका शुक्रवारी, आमच्या कार्यालयातले एक वडीलधारे स्थानिक सहकारी मला, सौ.ला आणि मुलीला आवर्जून तिथे घेऊन गेले. मी मूळचा अलिबागकडचा. रायगड, कुलाबा, मुरूड-जंजिरा पाहिलेला माणूस. पायऱ्या चढून वर गेल्यावर माझ्या तोंडून सहज निघून गेले, "आमच्याकडे एवढा तर एकेक बुरूजच असतो!" ते गृहस्थ हसले. खालच्या खाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "१८१९ साली ह्याच महिन्यात इथले लोक बायकामुलांसह वर येऊन लढले. तोफा त्या बाजूने आणल्या. फौज आली ती तुमच्या मुंबईहून."

"तुमच्या मुंबईहून" हे शब्द त्यांनी मुळीच टोचून उच्चारले नव्हते. पण मला ते टोचले, आणि त्याला कारण होते. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत मी दोन मजकूर लिहिले होते. एक कान्होजी आंग्र्यांवरचा लेख. इंग्रजांनी ह्या थोर आरमारी सेनानीला 'चाचा' ठरवले म्हणून त्यात मी पानभर संताप व्यक्त केला होता. दुसरे एक छोटे टिपण, नव्याने आलेल्या कुटुंबांना ह्या देशाची ओळख व्हावी म्हणून. त्यात एक वाक्य असे होते की, हा एके काळी चाच्यांचा किनारा होता, इंग्रजांनी चाच्यांचा बंदोबस्त करून येथे शांतता आणली. दोन्ही मजकुरांत फार तर आठ पानांचे अंतर असेल. स्मरणिका दीडदोनशे घरांत गेली. एकाही वाचकाने तक्रार केली नाही, आणि मलाही त्यात काही विसंगत वाटले नाही. व्यवसायाने मी लेखापरीक्षक. दुसऱ्यांच्या वह्यांतली विसंगती शोधण्याचा पगार घेतो!

माणसाला आपल्या आयुष्याकडे, आपल्या माणसांकडे, आपल्या भूतकाळाकडे तटस्थपणे पाहता येते का, हा प्रश्न आपण एरवी तत्त्वज्ञांवर सोडून देतो. माझ्यापुढे तो धायाच्या टेकडीवर आला, आणि फार साध्या रूपात आला. दोन किनारे, एकच फिर्यादी, एकच आरोप. मग माझे निकाल दोन का?

आंग्र्यांची हकीकत वाचकांना माहीत आहे, तरी थोडी उजळणी करू. कान्होजी हे मराठ्यांचे सरखेल. १७१३ साली बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले आणि कोकण किनाऱ्यावरचा त्यांचा अधिकार पक्का झाला. ह्या समुद्रातून जायचे तर आमचे दस्तक घ्या, पैसे भरा. दस्तक नसेल तर गलबत जप्त होईल, असा त्यांचा दंडक होता. हा दंडक त्यांनी शोधून काढलेला नव्हता. पोर्तुगीज त्यांच्याआधी दोनशे वर्षे 'कार्ताझ' नावाचा परवाना ह्याच समुद्रात विकत होते, आणि कंपनीही आपले परवाने देत होती. १७१२ साली कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नराचे 'अल्जेरीन' नावाचे जहाज धरले. त्या वेळी धरलेल्या एका इंग्रज बाईंना पुढे तीस हजार रुपये खंडणी घेऊन सोडले. ह्या एका प्रकरणाचा इंग्रजी पुस्तकांना पुढे दोनशे वर्षे विसर पडला नाही. गव्हर्नर बून ह्याने १७१७ साली विजयदुर्गावर, १७१८ साली खांदेरीवर आणि १७२१ साली पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर स्वारी केली. तिन्ही फसल्या. १७२४ साली गव्हर्नर फिप्सला लिहिलेल्या पत्रात कान्होजींनी, दुसऱ्याच्या मालमत्तेचा हव्यास व्यापाऱ्यांनाही सुटलेला नाही, अशा आशयाचा टोला दिला आहे. १७२९ साली ते वारले. १७३७ साली लंडनमध्ये क्लेमंट डाउनिंगचे पुस्तक निघाले, त्याच्या शीर्षकातच आंग्रे 'पायरेट' झाले. १९०७ साली कर्नल बिडल्फनेही तेच नाव चालवले. इकडे १९५१ साली भारतीय नौदलाने मुंबईतल्या आपल्या तळाला 'आयएनएस आंग्रे' हे नाव दिले. माणूस तोच आणि गलबतेही तीच.

आता इकडच्या किनाऱ्याकडे येऊ. रास अल खैमा आणि शारजा येथले कवासिम, म्हणजे अल कासिमी घराण्याचे लोक, आखाताच्या तोंडावर बसलेले मोठे दर्यावर्दी आणि व्यापारी. पलीकडे इराणच्या बाजूला लिंगा बंदरातही त्यांचे ठाणे होते. इंग्रजी कागदांत ते 'जोआस्मी' म्हणून येतात. इथल्या बोलीत 'क' चा 'ज' कसा होतो हे आपल्याला नवीन नाही; कासिम नावाचे गृहस्थ जासिम म्हणून हाक मारलेले आपण रोज ऐकतो. १७९७ पासून कंपनीच्या आणि तिच्या संरक्षणाखालील जहाजांवर झालेले हल्ले ह्या जोआस्मींच्या नावावर मांडले जाऊ लागले. १८०६ साली त्यांच्याशी एक करार झाला. इंग्रजी दफ्तरात त्याचे नाव चक्क 'कौलनामा' असे आहे. हा शब्द वाचला तेव्हा मला घरचे कुणी भेटल्यासारखे झाले. करार टिकला नाही. नोव्हेंबर १८०९ मध्ये मुंबईहून आलेल्या आरमाराने रास अल खैमा जाळले, बंदरातली गलबते जाळली. दहा वर्षांनी मेजर जनरल सर विल्यम ग्रँट केअर सुमारे तीन हजारांची फौज घेऊन आला. ९ डिसेंबर १८१९ रोजी रास अल खैमा पडले. मग 'लिव्हरपूल' ह्या युद्धनौकेवरच्या २४ पौंडी तोफा दलदलीतून ओढत धायाखाली आणल्या गेल्या आणि २२ डिसेंबरला धायाही पडला. ८ जानेवारी १८२० पासून निरनिराळ्या शेखांनी जो तह मान्य केला, त्यात एक कलम असे आहे की प्रत्येक गलबताजवळ मालकाचे नाव, गलबताचे माप वगैरे लिहिलेला सहीचा दाखला असला पाहिजे.

म्हणजे पुन्हा दस्तकच! कान्होजींनी मागितले तर ती चाचेगिरी, कंपनीने मागितले तर तो शांततेचा तह. इथवर पोहोचल्यावर स्मरणिकेतले ते वाक्य मी पुन्हा काढून वाचले आणि मला माझीच लाज वाटली.

ते वाक्य माझ्याकडे आले कुठून? थोडा शोध घेतल्यावर साखळी सापडली. मुंबई सरकारचा सचिव फ्रान्सिस वॉर्डन ह्याने १८१९ साली जोआस्मींचा एक संक्षिप्त इतिहास लिहून काढला. १८५६ साली तो मुंबई सरकारच्या निवडक कागदपत्रांत छापला गेला. पुढे लॉरिमरने विसाव्या शतकाच्या आरंभी आखाताचे प्रचंड गॅझेटियर रचले, त्यात हीच सामग्री आली. १९६६ साली सर चार्ल्स बेलग्रेव्ह ह्यांचे 'द पायरेट कोस्ट' निघाले. मी वाचले होते ते ह्यांतूनच पाझरलेले काहीतरी. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर चार वह्यांत एकच नोंद होती, मी ती चार स्वतंत्र पुरावे म्हणून मोजत होतो, आणि मूळ नोंद होती ती फिर्यादीच्या कारकुनाच्या हातची.

ही साखळी तोडण्याचे काम ज्या गृहस्थांनी केले ते आपल्या परिचयाचे आहेत. १९७२ पासून शारजाचे शासक असलेले शेख डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी. त्यांनी १९८५ साली एक्सेटर विद्यापीठाला ह्याच विषयावर प्रबंध सादर केला आणि १९८६ साली तो 'द मिथ ऑफ अरब पायरसी इन द गल्फ' ह्या नावाने पुस्तकरूपाने आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की कंपनीला आखातातला व्यापार हवा होता, तो अरबांच्या हाती होता, म्हणून प्रत्येक लुटीचा ठपका कवासिमांवर ठेवण्यात आला आणि मग त्याच ठपक्याच्या जोरावर स्वाऱ्या झाल्या. हे त्यांनी सिद्ध केले ते मुख्यतः इंग्रजांच्याच कागदांवरून, आणि त्यांतले पुष्कळसे कागद आपल्या काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत असलेल्या महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखागारातले. सरकारला खरे काय माहीत होते आणि त्याने बाहेर काय सांगितले, ह्यातला फरक त्याच इमारतीतल्या बासनांत पडून होता. मी तरुणपणी त्या इमारतीवरून शेकडो वेळा गेलो असेन, जहांगीर आर्ट गॅलरीबाहेर चहा प्यायला.

यावर कुणी सहजच म्हणेल की, हे तर घराण्यातल्या माणसाने घराण्यासाठी केलेले वकीलपत्र झाले. आक्षेप अगदीच पोकळ नाही. १९९७ साली चार्ल्स डेव्हीज ह्यांचे 'द ब्लड-रेड अरब फ्लॅग' हे पुस्तक निघाले. त्यांनी एकेक घटना पुन्हा तपासली. सगळे हल्ले काल्पनिक होते असे त्यांना वाटत नाही. 'चाचेगिरी' ह्या एका शब्दात ते कोंबता येत नाहीत, त्यामागे सत्तास्पर्धा, धर्म, व्यापार अशी अनेक कारणे होती, असा त्यांचा रोख आहे. मला हे पटते. पण एक गोष्ट विसरू नये. शेखसाहेबांनी वॉर्डनला प्रश्न विचारला नसता, तर डेव्हीज ह्यांना तपासायला काही उरलेच नसते. ज्याला बोच असते तोच दफ्तर उघडतो. आपल्याकडे ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासावर पहिला घाव नीळकंठराव कीर्तने ह्यांनी विद्यार्थिदशेत घातला तो काही तटस्थपणाच्या भरात नव्हे!

पण नुसते अस्सल कागद हाती असले म्हणजे डोळे निवळतात असेही नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांइतका कागदांचा भुकेला माणूस महाराष्ट्रात झाला नाही. गावोगाव वणवण करून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड सिद्ध केले. बखर बाजूला ठेवा, त्या काळचे पत्र दाखवा, हा धडा त्यांचा. आणि त्याच राजवाड्यांचे कायस्थ प्रभूंविषयीचे लिखाण इतके पूर्वग्रहाचे निघाले की १९१८ साली प्रबोधनकार ठाकऱ्यांना 'कोदंडाचा टणत्कार' लिहून त्याचा समाचार घ्यावा लागला. परिणाम मात्र पाहा. राजवाड्यांची मते आज किती जण वाचतात? त्यांनी छापलेली पत्रे सगळे वाचतात, त्यांचे विरोधकसुद्धा.

आंग्र्यांच्या बाबतीत तर आपल्यातच एकमत नाही, हेही कबूल करावे. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाईव्ह ह्यांनी विजयदुर्ग घेतला, तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा इंग्रजांचा दोस्त होता तो खुद्द नानासाहेब पेशवा. पुण्याच्या दृष्टीने तुळाजी हा बेमुर्वत बंडखोर. तो पुढे कैदेतच मेला. म्हणजे 'चाचा' ह्या शब्दाला पुण्याने त्या दिवशी निदान हरकत घेतली नव्हती. माझ्या स्मरणिकेतल्या लेखात हा परिच्छेद नव्हता. जागा अपुरी पडली असे मी तेव्हा स्वतःला सांगितले होते.

मग तटस्थ असे काही उरतेच का? मला वाटते, थोडेसे उरते. सुरतेच्या एखाद्या व्यापाऱ्याचे गलबत निघाले आणि परत आले नाही. माल गेला, तांडेल मारला गेला. ते आंग्र्यांनी धरले की कवासिमांनी, हक्काने की अन्यायाने, हा वाद चालू राहील. गलबत गेले हे तिन्ही बाजूंच्या वह्यांत खरे आहे. तांडेलाच्या घरच्यांना दस्तकाचा कायदा समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. तसेच १८०९ साली रास अल खैमा जळाले, हेही सर्व बाजूंनी खरे. आमच्या धंद्यात आधी शिल्लक मोजतात, नाव नंतर देतात. मी उलट केले होते. आधी नाव दिले, तेही आपला कोण आणि परका कोण हे पाहून.

हे सगळे मी त्या सहकाऱ्यांना पुढे एकदा चहा पिताना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या फौजेत गोरे किती होते आणि तुमचे किती?" केअरबरोबर दोन गोऱ्या पलटणींखेरीज मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीचे शिपाई होते हे मला माहीत होते. मुंबईच्या पलटणींत त्या काळी कोकणातले लोक मोठ्या संख्येने भरती होत, हेही माहीत होते. पेशवाई बुडून दीडदोन वर्षेच झाली होती. कुणी पोटासाठी आला असेल, कुणी बापामागोमाग. आपल्यातले अनेक जण ह्या किनाऱ्यावर १९७१ नंतर विमानाने, नोकरीचे पत्र खिशात घालून उतरले. त्यांच्या दीडशे वर्षे आधी आपल्याच गावांकडची माणसे बंदूक खांद्यावर घेऊन इथल्या खाडीत उतरली होती. त्यांना धायाच्या टेकडीवर काय दिसले असेल? वॉर्डनचा कागद आहे, केअरचे अहवाल आहेत, शेखांच्या सह्यांचा तह आहे. ह्या शिपायांपैकी कोणाचा एक शब्द माझ्या वाचनात आलेला नाही.

म्हणून एक विनंती. ज्या सभासदांच्या घराण्यात पूर्वी कोणी मुंबईच्या पलटणींत होते, आणि गावच्या घरी, माळ्यावर, देव्हाऱ्यामागे जुने कागद, सनदा, पेन्शनचे दाखले काही असतील, त्यांनी पुढच्या सुट्टीत ते जरूर पाहावेत आणि संपादकांमार्फत मला कळवावे. मोडी लिपीत असले तरी हरकत नाही. ती वाचून देणारे एक स्नेही शारजात आहेत.