चिंचेच्या झाडाखालचा पाठ

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, तेव्हा अफझलगंजातील एका चिंचेच्या झाडाचा आश्रय घेऊन सुमारे दीडशे माणसे वाचली. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील तो वृक्ष आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्या प्रलयानंतर संस्थानने विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेतला. पुढे १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले. निसर्गाचा कल ओळखून वागण्याचा हा पाठ आपली विद्यापीठे कशी शिकवितात, हे पाहण्यासारखे आहे.

१९१९ ते १९२४ या काळात पॅट्रिक गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. उस्मानिया विद्यापीठाच्या जागेसाठी त्यांचा सल्ला घेण्यात आला आणि अडिकमेटची भूमी निवडली गेली. आधी भूमी, पाणी, वस्ती व व्यवसाय यांची पायी हिंडून पाहणी आणि मग आराखडा, ही त्यांची शिकवण. परिसर हाच त्यांचा ग्रंथ होता.

पुढे आपण परिसराचे शिक्षण वर्गात आणले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणशिक्षण अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. तरी पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम येण्यास २००३ साल उजाडले. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. नदी, वन वा टेकडी प्रत्यक्ष पाहून नोंदी करण्यास १०० पैकी २५ गुण होते. हेतू गेडिस यांचाच. परंतु भरगच्च वर्ग आणि मोजके तास असले, की नदीची भेट वहीतच उरकते, आणि विषय केवळ उत्तीर्ण होण्यापुरता उरतो.

२०२५ च्या वसंतात मात्र वेगळे दृश्य दिसले. हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावली येथील ४०० एकरांवर यंत्रे फिरू लागली, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले. जमिनीची मालकी हा वादाचा विषय होता. परंतु तेथील वृक्ष, मोर आणि तळी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविली. ज्याच्याशी परिचय नाही, त्याच्या रक्षणास कोणी धावत नाही, हेच यातून आम्हांस उमगते.

आपली विवेकवर्धिनी या महापुराच्याही आधीची, आणि त्या चिंचेपासून फार दूर नाही. तेथील एखादा तास त्या वृक्षाच्या सावलीत व्हावा, एवढीच आमची इच्छा. पुराची कथा आपण घरोघरी जतन केली. आता ती पुढच्या पिढीला नदीकाठी उभे करूनच सांगावयास हवी.