गणवेशातील वकील

सैन्यात आज्ञापालन हा पहिला धर्म. मग गणवेशधारी वकिलाने निष्ठा कोणाशी राखावी, वरिष्ठांशी की कायद्याशी? अमेरिकेत १९९५ ते २००५ या काळात चाललेल्या ‘जॅग’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या मुळाशी हाच प्रश्न होता. तिचा नायक आरमारी वकील असून स्वतःच गुन्ह्यांचा माग काढीत असे. प्रत्यक्षात तपास बहुधा निराळ्या खात्याकडे असतो. वकिलाची कसोटी लागते ती न्यायासनापुढे.

ही परंपरा जुनी आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सैन्यात १७७५ साली विल्यम ट्यूडर हे पहिले लष्करी विधी-अधिकारी झाले. परंतु तिची कठोर परीक्षा झाली ती व्हिएतनाम युद्धात. १६ मार्च १९६८ रोजी माय लाय येथे अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र स्त्रिया, मुले व वृद्ध यांची हत्या केली. लेफ्टनंट विल्यम कॅली यांच्यावरील खटल्यात सरकारी बाजू तरुण कॅप्टन ऑब्री डॅनियल यांनी मांडली. आपण केवळ हुकूम पाळला, हा कॅलींचा बचाव टिकला नाही. मार्च १९७१ मध्ये किमान २२ हत्यांबद्दल ते दोषी ठरले व त्यांना जन्मठेप झाली.

तोच राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी कॅलींना तुरुंगाऐवजी निवासस्थानी स्थानबद्ध ठेवण्याचा आदेश दिला. लोकमतही कॅलींकडेच झुकले होते. तरीही डॅनियल यांनी थेट राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून या हस्तक्षेपाचा निषेध केला. कॅली १९७४ साली मुक्त झाले. पण सर्वोच्च सेनापतीही कायद्याहून मोठा नव्हे, हे एका कॅप्टनने निर्भयपणे सांगून ठेवले.