ओपिऑइडचा ओव्हरडोस : अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत काय करायचं?
ओव्हरडोस म्हटलं की आपल्याला पिक्चरमधला गर्दुल्ला आठवतो. पण ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल या दुखण्यावरच्या गोळ्याही ओपिऑइडच आहेत. जास्त झाल्या की श्वास मंदावतो. माणूस हलवूनही उठत नाही, घशातून घरघर येते, ओठ निळे पडतात, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. अशा वेळी "झोपलाय, झोपू दे" म्हणू नका!

यावरचा उतारा नॅलोक्झोन. मेंदूत ओपिऑइड जिथे चिकटतं, तिथून हे औषध त्याला हुसकावतं आणि काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर मात्र ते चालत नाही. अमेरिकेत 2023 पासून त्याचा नाकात मारायचा स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो. आपल्याकडे ते मुख्यतः इंजेक्शन, तेही डॉक्टरांच्या हातात. म्हणजे इथे निडीत माझ्या हाताशी आहे तो फक्त फोन.

108 लावा, फोन स्पीकरवर ठेवा. मी सांगेन, "निडी, तालुका रोहा, रेल्वे स्टेशनजवळ." पत्ता असा पाठ हवा, मॅप उघडत बसू नका. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबला किंवा नुसते आचके येत असतील तर सीपीआर सुरू करा.

शुद्ध आली तरी दवाखान्यात न्यायचंच. नॅलोक्झोनचा असर साधारण 30 ते 90 मिनिटांत उतरतो, गोळीचा त्याहून जास्त टिकू शकतो. जाताना रिकामी स्ट्रिप सोबत घ्या.