गाणे कंपनीच्या हाती देण्यापूर्वी

खानदेशात गाणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. कानबाईची गाणी, वहीगायन, लग्नसराईतील बॅण्डपथके आणि जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सव ही त्याची साक्ष. कॅसेटच्या काळात मात्र गाणे बाजारात आणायचे तर मुंबई-पुणे गाठावे लागे. यू-ट्यूबने ते चित्र पालटले. 'केसावर फुगे', 'हाई झुमका वाली पोर' ही अहिराणी गाणी खानदेशाची वेस ओलांडून गेली. साहजिकच, आपल्याही गाण्यांचा एखाद्या कंपनीशी करार व्हावा, असे जळगाव-धुळ्यातील अनेक तरुण कलावंतांना वाटू लागले आहे. या तयारीत सुरांइतकेच महत्त्व कागदपत्रांना आहे.

गाणे नेमके कोणाचे?

कायद्याच्या दृष्टीने एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण अशा तीन स्वतंत्र मालमत्ता असतात. कोणतीही जबाबदार कंपनी प्रथम हेच विचारते, की या तिन्हींवर तुमचा हक्क आहे का? आपल्याकडे शब्द मित्राचे, चाल दुसऱ्याची आणि ठेका इंटरनेटवरून उतरवलेला, असा मामला असतो. लेखी काहीच नसते. गाणे चालले नाही तर प्रश्न नाही. चालले, की मैत्री तुटते. म्हणून ध्वनिमुद्रणापूर्वीच प्रत्येकाशी एक पानाचा का होईना, करार करून वाटा ठरवावा. उतरवलेल्या ठेक्याचा परवाना तपासावा. एकच ठेका अनेकांना विकलेला असू शकतो. कॉपीराइट कार्यालयातील नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. शब्द किंवा चालीच्या नोंदणीसाठी ५००, तर ध्वनिमुद्रणासाठी २००० रुपये शुल्क आहे.

गाजलेल्या हिंदी गाण्याच्या चालीवर अहिराणी शब्द बसवण्याची हौस हळदीच्या मांडवात खपून जाते. करारासाठी असे गाणे निरुपयोगी समजावे. लोकगीताचे तसे नाही. पारंपरिक गीत कोणालाही गाता येते. मात्र त्यावर दुसऱ्याने केलेली नवी रचना उचलता येत नाही. बहिणाबाई चौधरींचे उदाहरण घ्या. 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कवितांच्या कॉपीराइटची ६० वर्षांची मुदत २०१२ अखेर संपली. त्यांना स्वतःची चाल लावण्यास आता आडकाठी नाही. परंतु इतर संगीतकारांनी त्यांना लावलेल्या चालींचा हक्क वेगळा, तो त्या संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो.

काय पाठवावे?

स्वतःच्या उत्तम तीन-चार रचना पुरेत. त्या वेव्ह स्वरूपात, गायनासह आणि गायनाविना अशा दोन प्रतींत तयार ठेवाव्यात. आकाशवाणीची श्रेणी मिळाली असल्यास परिचयात तिचा उल्लेख करावा. यू-ट्यूबवर जाहिरातींचे उत्पन्न सुरू होण्यास १००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४००० तासांचे प्रेक्षण लागते (छोट्या व्हिडिओंसाठी निकष वेगळा आहे). तेवढा टप्पा स्वबळावर गाठलेला कलावंत बोलणी करताना ताठ बसू शकतो. पैसे मोजून फुगवलेले आकडे जाणकाराच्या लगेच लक्षात येतात. फाउंटन, एव्हरेस्ट, सागरिका अशा मराठी कंपन्यांची आधीची गाणी ऐकूनच अर्ज करावा. लग्नातले नाचगाणे भावगीतांच्या चाहत्याकडे पाठवून काय उपयोग?

सहीपूर्वी

ठोक रक्कम घेऊन सारे हक्क कायमचे लिहून देणे, ही नवोदितांची सर्वांत महागडी सही ठरते. २०१२ च्या कायदा दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना मोठे संरक्षण दिले. ध्वनिमुद्रणाच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतील त्यांचा समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. कंपनीने वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर वेगळे कलम नसल्यास तो संपतो. नेमके हे 'वेगळे कलम'च बारीक अक्षरांत असते! आगाऊ रक्कम पुढील उत्पन्नातून वळती होणार का, आणि पुढची किती गाणी त्याच कंपनीला द्यावी लागणार, हेही वकिलाकडून समजून घ्यावे.

रॉयल्टी गोळा करण्यासाठी गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून, तर गायकांची इस्रा (आता इसाम्रा) २०१३ पासून कार्यरत आहे. कंपनीशी करार होवो वा न होवो, पात्र होताच सदस्यत्व घ्यावे. कॉपीराइटचा भंग झाल्यास दाव्यासाठी मुंबईलाच जावे लागते, हा समजही चुकीचा आहे. कलावंत जिथे राहतो, तेथील जिल्हा न्यायालयात, म्हणजे जळगाव किंवा धुळ्यातही, असा दावा दाखल करण्याची मुभा कायद्याने दिली आहे.