नजरेतला खंजीर

कुणी डोळे वटारले की काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. अशा बघण्याला इंग्रजीत 'लुक डॅगर्स' म्हणतात. डॅगर म्हणजे खंजीर. जणू नजरेनंच खंजीर खुपसला!

हा खंजीर भाषेत आला कुठून? चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात अनेक पुरुष कमरेला खंजीर लावून फिरत. भांडण पेटलं की हात तिकडेच जाई. त्यामुळे नाटकांतही तो आला.

शेक्सपियरनं १६०० च्या सुमारास 'हॅम्लेट' लिहिलं. वडील वारल्यावर आईनं लगेच चुलत्याशी लग्न केलं, म्हणून हॅम्लेट संतापलेला असतो. आईला भेटायला जाताना तो ठरवतो, खंजीर हातानं नाही, बोलण्यातून चालवायचा. तो तिच्यावर हत्यार उगारत नाही, पण ते शब्द तिला खंजिरासारखेच लागतात. पुढे १६२२ मध्ये मॅसिंजर आणि डेकर यांचं 'द व्हर्जिन मार्टर' हे नाटक छापलं गेलं. त्यात तर डोळेच खंजीर फेकतात.

गटाच्या बैठकीत एखादी म्हणते, "मारत नाहीत, नुसतं बघतात, बोलतात." तेव्हा "मग काय बिघडलं?" असं आपण म्हणायचं नाही. तिचं ऐकून घ्यायचं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही शाब्दिक आणि भावनिक छळ ही हिंसाच मानली आहे. रक्त दिसत नसलं, तरी घाव झालेला असतो.